देशी बदामावर सापडलेला टसर पतंगाचा कोष घरात ठेवावा की झाडावर?

आपण लिहिले आहे की नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आपल्या सोसायटीतील देशी बदामाची जानेवारीत छाटणी झाली आणि तोडलेल्या फांद्यांच्या ढिगात आपल्या मुलीला एक कोष सापडला. तो कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, करडा, दगडासारखा कठीण असून काडीला चिवट देठाने लटकलेला होता. तेव्हापासून तो दिवाणखान्यात काचेच्या बरणीत आहे. तीन आठवडे उलटूनही काहीच घडले नाही, म्हणून आपण विचारता की आतला जीव जिवंत आहे का, कोष उबेत ठेवला तर पतंग लवकर बाहेर येईल का, खात्री करण्यासाठी तो कापून पाहावा का, आणि पुढे अंडी झालीच तर अळ्यांना कोणता पाला घालावा.

कोष कृपया कापू नका, आणि आज संध्याकाळपर्यंत तो बरणीतून बाहेर काढा. बाकीचे उत्तर मोठे आहे. पतंगाला लवकर बाहेर कसे आणावे, याची चिंता करण्याचे कारण नाही. फेब्रुवारीत जिवंत असलेला हा कोष उन्हाळाभर सांभाळायचा आणि त्यातला पतंग चुकीच्या महिन्यात बाहेर येऊ द्यायचा नाही, हे खरे अवघड काम आहे. मी तरुणपणी सहा वर्षे गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या बाजूला टसर रेशमाच्या अळ्या पाळण्याच्या कामात होतो आणि गेली एकोणीस वर्षे नाशिकमध्ये घराच्या अंगणात, तसेच त्र्यंबकेश्वर आणि हरसूलच्या रानात या पतंगांच्या नोंदी ठेवतो. पुढे जे लिहितो ते त्या अनुभवावरून लिहितो. घाटाकडच्या ओल्या हवेत आणि शहरातल्या कोरड्या हवेत आठ-पंधरा दिवसांचा फरक सहज पडतो, हे मात्र लक्षात घ्यावे.

आधी ओळख पक्की करू. आपल्या वर्णनातला देठ ही निर्णायक खूण आहे. टसर पतंगाची अळी कोष विणण्यापूर्वी दोन-तीन पाने जवळ ओढून झोळीसारखा आडोसा करते, मग काडीभोवती रेशमाचे कडे गुंडाळते आणि त्या कड्यापासून खाली येणाऱ्या मजबूत देठाला कोष लटकवते. पाने वाळून गळून जातात, परंतु कोष फांदीवरच राहतो. नाशिकच्या पश्चिमेकडील रानात याच कुळातले चंद्रपतंगही आढळतात. ते फिकट हिरवे असून त्यांना मागे लांब शेपट्या असतात. त्यांचा कोष मात्र पातळ, कागदी आणि पानात गुंडाळलेला असतो, त्याला देठ नसतो आणि तो बहुधा पानासह जमिनीवर पडतो. तो मला जास्त करून मोईच्या झाडाखाली सापडला आहे. ॲटलास पतंगाचा कोषही पानात गुंडाळलेला आणि हाताला मऊ लागणारा असतो. त्यामुळे आपला कोष टसरचा आहे, याबद्दल मला शंका नाही. शास्त्रीय नावाबाबत आपला गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो की रेशीम उद्योगातल्या लिखाणात या पतंगाला अँथेरिया मायलिटा म्हणतात, तर अलीकडचे अनेक अभ्यासक त्याच पतंगाला अँथेरिया पॅफिया म्हणतात.

जीव आहे की नाही, हे न कापताही बऱ्यापैकी कळते. कोष सर्व बाजूंनी निरखून पाहा. देठाच्या बाजूचे टोक मऊ, विस्कटलेले आणि भोक पडलेले असेल, तर पतंग पूर्वीच निघून गेला आहे, कारण तो नेहमी त्याच टोकातून बाहेर पडतो. बाहेर येण्यापूर्वी तो तोंडाजवळून एक पाचक द्रव सोडतो, त्या द्रवाने रेशमाचा डिंक सैल होतो आणि मग तो धागे बाजूला सारून वाट काढतो. भोक कुशीला असेल, कडा स्वच्छ कापल्यासारखी असेल, तर आतला जीव परजीवी माशीने किंवा गांधीलमाशीच्या नात्यातल्या एखाद्या परजीवी कीटकाने खाल्ला आहे असे समजावे. भोक कुठेच नसेल, तर कोष कानाजवळ धरून एकदाच, हलक्या हाताने हलवा. आत भरीव गोळा सरकल्यासारखा जड, बोदा आवाज आला तर कोशित, म्हणजे कोषात झोपलेला जीव, जिवंत असण्याची शक्यता मोठी आहे. वाळलेल्या शेंगेसारखा खुळखुळ आवाज आला आणि कोष हातात हलका लागला, तर आशा कमी. अशा हलक्या कोषांतून एखाद-दुसरा पतंग निघाल्याचे मी पाहिले आहे, म्हणून हलका कोषही मी जुलैअखेरपर्यंत फेकत नाही. वारंवार हलवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा.

आता वेळेविषयी, कारण सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. टसरची कोशित अवस्था थंडी आणि उन्हाळा झोपून काढते. या काळात तिची वाढ थांबलेली असते, श्वसन अतिशय मंद असते, आणि आत पूर्वीच्या पावसाळ्यात पोटभर पाला खाऊन साठवलेली चरबीच तिला पुरवायची असते. प्रौढ पतंगाला कामाचे तोंड नसते, तो काहीही खात-पीत नाही, म्हणजे कोशितेने जे वाचवले असेल तेवढ्यावरच त्याला आठवडाभर उडायचे, जोडीदार शोधायचा आणि मादीला अंडी घालायची असतात. बंद, उबदार जागेत ही शिल्लक अकाली खर्च होते. शिवाय वाढते तापमान आणि मधूनच मिळालेला ओलावा यांमुळे काही कोशितांची झोप मार्च-एप्रिलमध्येच मोडते. टसर पाळणाऱ्यांना हे अवकाळी निघणे चांगले माहीत आहे. बियाण्याचे, म्हणजे पुढच्या अंड्यांसाठी राखलेले, कोष सांभाळताना त्यांचा मोठा प्रयत्न हेच टाळण्याचा असतो.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे. नाशिकला आल्यावर पहिल्या वर्षी मी हरसूलहून आणलेले तीन कोष स्वयंपाकघराच्या भिंतीलगतच्या फळीवर ठेवले होते. त्यांपैकी दोन पतंग एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर आले. एक डब्यातच निघाला. त्याला चढायला खडबडीत पृष्ठभाग मिळाला नाही, म्हणून ओले पंख खाली सोडून ताणता आले नाहीत आणि ते सुरकुतलेलेच वाळले. दुसरी मादी धडधाकट होती, मी तिला सात रात्री अंगणात जाळीत ठेवले, परंतु त्या दिवसांत रानात दुसरा कोणी जागाच नव्हता. तिने घातलेली सर्व अंडी निष्फळ गेली. फलित झाली असती तरी उपयोग नव्हता, कारण तेव्हा माझ्याकडच्या ऐनाला, म्हणजे या अळीच्या मुख्य खाद्यवृक्षाला, एकही पान नव्हते. त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा नीट उमगले की या पतंगाचे घड्याळ त्याच्या झाडाच्या पालवीशी जुळवलेले आहे. ऐनाचे झाड उन्हाळ्यात निष्पर्ण होते, पावसाच्या तोंडावर फुटते, आणि पतंग निघून अंडी उबेपर्यंत झाडावर कोवळा पाला तयार असतो. माझ्या नोंदींत नाशिक शहरातले बहुतेक पतंग पहिले वळीव पडून हवेत ओलावा आल्यानंतर, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत निघालेले आहेत.

म्हणून कोष काडीसकट पुन्हा त्याच बदामावर बांधणे हा माझा पहिला सल्ला आहे. फांदी पुरुषभर उंचीची, दुपारचे ऊन थेट न लागणारी, पूर्वेकडची निवडा. देठाच्या कड्यातून सुतळी ओवून कोष मूळच्यासारखा देठ वर ठेवून लटकवा. खार, उंदीर आणि कावळे कोष फोडतात, तेव्हा त्याभोवती लोखंडी बारीक जाळीचा, वीतभर रुंद पिंजरा करावा आणि त्यात एक खडबडीत सालीची काडी उभी ठेवावी, म्हणजे निघालेला पतंग तिच्यावर चढून पंख पसरू शकेल. पंख पूर्ण ताणले की त्यांची रुंदी पंधरा सेंटीमीटरच्या पुढे जाते, तेवढी जागा आत हवी. झाडावर शक्य नसेल तर उत्तरेकडील बाल्कनीत, पत्र्याखाली नव्हे, टांगला तरी चालेल. एप्रिल-मेच्या फार कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा जवळच्या भिंतीवर किंवा कुंडीत पाणी मारावे, कोषावर नव्हे. वातानुकूलित खोली, फ्रिज आणि बंद बरणी या तिन्ही जागा वर्ज्य समजाव्यात.

रानातला पतंग पाथर्डी फाट्याच्या सिमेंटमध्ये कसा आला, असे आश्चर्य आपण व्यक्त केले आहे, आणि खाद्यवृक्षाचा प्रश्नही त्यातूनच सुटतो. टसरच्या अळीचे मुख्य खाद्य म्हणजे ऐन, अर्जुन आणि साल या वृक्षांचा पाला. यांपैकी साल आपल्याकडे नाही, तो पूर्व आणि मध्य भारतातला वृक्ष आहे. ऐन आणि अर्जुन हे टर्मिनालिया प्रजातीतले, आणि आपला देशी बदामही त्याच प्रजातीतला. हिरडा, बेहडा आणि किंजळ ही त्यांचीच भावंडे. म्हणजे माणसाला सोसायटीतले सावलीचे झाड दिसते तिथे अंडी घालायला आलेल्या मादीला ऐनाचा जवळचा नातलग सापडतो. मूळचा समुद्रकाठचा असलेला बदाम आपण शहरभर लावला आणि नकळत या पतंगासाठी पश्चिमेच्या डोंगरांपासून शहरापर्यंत खाद्याची साखळी जोडली गेली, असे मला वाटते. इथे एक खबरदारी सांगतो. बोलीत ‘जंगली बदाम’ म्हणून ओळखले जाणारे दुसरेही एक झाड आहे, ज्याची पाने हाताच्या बोटांसारखी विभागलेली असतात. ते वेगळ्या कुळातले आहे. फांद्या मजल्यामजल्याने छत्रीसारख्या पसरलेल्या आणि गळण्यापूर्वी लाल होणारी मोठी अखंड पाने असलेले झाड आपले आहे, याची खात्री करून घ्या.

याशिवाय बोर, जांभूळ, धावडा, बोंडारा, तामण, कुंभा आणि करवंद यांवरही टसरच्या अळ्या वाढतात. नाशिक परिसरात शेताच्या बांधावरची बोर मला सर्वांत जास्त फळली आहे. निफाड-दिंडोरीच्या बाजूला, जिथे दूरवर ऐन नाही, तिथले माझे बहुतेक कोष बोरीवरचेच आहेत. पण बोरीवर वाढलेल्या अळीचा कोष माझ्या पाहण्यात ऐनावरच्या कोषापेक्षा लहान असतो. झाड कोणते आहे इतकेच महत्त्वाचे नाही. पाला कोवळा की जून, झाडाला पाणी किती मिळाले, मुळाशी माती कशी आहे, यांवरही अळीचे वजन ठरते.

आपल्याला नवे झाड लावायचे असेल तर मी ऐनाऐवजी अर्जुन सुचवीन. ऐन मला अत्यंत प्रिय आहे. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळी साल आणि पानाच्या मागे मधल्या शिरेच्या तळाशी असलेल्या गाठींसारख्या ग्रंथी पाहून तो ओळखता येतो. परंतु तो सावकाश वाढतो आणि शहरातल्या भरावाच्या जमिनीत रखडतो. अर्जुन हा नदी-ओढ्याकाठचा वृक्ष आहे, पाणी मिळाले की काळ्या जमिनीतही झपाट्याने उंच होतो, त्याची साल फिकट व गुळगुळीत असून तिचे पापुद्रे निघतात. रोपवाटिकेत ‘सादडा’ मागितला तर ऐनाचे रोप मिळते आणि ‘अर्जुनसादडा’ मागितला तर अर्जुनाचे, पण दोन्ही नावे सर्रास अदलाबदलीने वापरली जातात, म्हणून मोठ्या झाडाची साल दाखवून विचारावे. अर्जुन मोठा होतो, तेव्हा इमारतीपासून किमान पंधरा-वीस फूट दूर लावावा. तेवढी जागा नसेल, तर कुंपणालगत बोर किंवा तामण पुरेशी आहे.

पतंग निघाल्यावर प्रथम त्याच्या शृंगिका, म्हणजे मिशा पाहा. रुंद पिसासारख्या असतील तर तो नर आहे. तो बहुधा विटकरी किंवा तांबूस रंगाचा असतो, तर मादी पिवळसर किंवा करडी आणि पोटाने जड असते. दोघांच्याही चारही पंखांवर पारदर्शक काचेसारखे गोल डोळे असतात. नर असेल तर त्याच संध्याकाळी पिंजरा उघडून त्याला जाऊ द्यावे, त्याचे सगळे काम रात्रीच्या हवेत मादीचा गंध शोधण्याचे आहे. मादी असेल तर तिला दोन-तीन रात्री जाळीतच, पण बदामाच्या फांदीवर आणि दिव्यापासून दूर ठेवावे. आसपास नर असेल तर तो जाळीशी येतो. तो आला की हळूच जाळी उघडून दोघांना एकत्र करावे, जोडी बरेच तास टिकते आणि ती ओढून सोडवू नये. चौथ्या रात्रीही कोणी आले नाही, तर मादीला मोकळे करावे. तिला दिवसच थोडे मिळतात. व्हरांड्याचा पांढरा दिवा त्या आठवड्यात बंद ठेवलात तर फार बरे, कारण दिव्याभोवती घिरट्या घालून नर तिथेच थकतात आणि पहाटे पक्ष्यांच्या तोंडी जातात.

मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते आणि ती आठ-दहा दिवसांत उबतात. अळी लहानपणी पिवळसर तपकिरी असते, पुढे सुंदर पोपटी होते, कुशीवर चंदेरी ठिपके चमकतात, चार वेळा कात टाकते आणि पावसाळ्यातल्या पिढीत साधारण महिन्या-सव्वा महिन्यात कोष करते. आपल्या मुलीला ती हाताळता येईल. सुरवंटाप्रमाणे तिच्या अंगावर खाज आणणारे केस नसतात, शेवग्यावरच्या केसाळ अळीचा अनुभव इथे लावू नये. मात्र माझे आग्रहाचे सांगणे आहे की सर्व अळ्या घरात वाढवण्याचा प्रयत्न करू नका. एकूण पाल्याचा फार मोठा हिस्सा अळी शेवटच्या अवस्थेत खाते, आणि तेव्हा बाटलीत खोचलेल्या फांद्या दिवसातून दोनदा बदलूनही पुरत नाहीत. अंडी उबली की वीस-पंचवीस अळ्या जिवंत फांदीवर मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत बांधून ठेवा, उरलेल्या झाडाच्या इतर फांद्यांच्या टोकांकडे सोडा. पिशवीतला पाला संपत आला की दुसरी फांदी निवडा. अळी मान वर करून निश्चल बसली असेल तर ती कात टाकत आहे, तिला त्या एक-दोन दिवसांत हलवू नका.

पाल्याबाबत आपला शेवटचा प्रश्न होता की बदाम अपुरा पडल्यास अर्जुनाचा पाला चालेल का. सुरुवातीपासून द्याल तर चालेल. मधेच बदलाल तर बहुतेक वेळा चालत नाही. पहिले चार-सहा घास ज्या पानाचे घेतले त्यावर अळीची जीभ बसते, आणि तिसऱ्या कातीनंतर बदललेला पाला उपाशी राहून नाकारणाऱ्या अळ्या मी अनेकदा पाहिल्या आहेत, जरी दोन्ही झाडे एकाच प्रजातीतली असली तरी. म्हणून अंडी उबण्यापूर्वीच झाड ठरवा. बाहेरून आणलेल्या कोषांच्या अळ्या आपल्या अळ्यांत मिसळू नका, हेही त्याच ओघात सांगतो. पेब्रीन नावाचा रोग आईकडून अंड्यांत उतरतो. तुतीच्या रेशीमकिड्यांसाठी लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी अंडीच ठेवण्याची पद्धत घालून दिली, ती टसरमध्येही आजतागायत वापरली जाते. घरी ही तपासणी शक्य नसते. सुस्त, लहान राहिलेल्या किंवा काळे डाग पडलेल्या अळ्या वेगळ्या काढणे, गर्दी टाळणे आणि पिशवीतली विष्ठा रोज झटकणे एवढे आपल्या हाती आहे.

फवारणीविषयी आपण विचारले नाही, पण नाशिकमध्ये ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. टसरची दुसरी पिढी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात पाल्यावर असते आणि आपल्याला सापडलेला कोष त्याच पिढीचा आहे. त्याच सुमारास द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी होऊन फवारण्या सुरू होतात. बागेला लागून असलेल्या बोरीवर त्या औषधाचे तुषार गेले की अळ्या मरतात, हे मी दिंडोरी रस्त्यावरच्या बांधांवर पाहिले आहे. द्राक्ष उत्पादकाला बाग वाचवावी लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाऱ्याची दिशा पाहून पहाटे फवारल्यास बांधावरच्या झाडांवर कमी जाते, इतकीच विनंती मी शेजारच्या शेतकऱ्यांना करतो आणि अनेकजण ती मानतात. आपल्या सोसायटीत डासांसाठी धुरळणी होत असेल, तर जून ते डिसेंबर बदामाच्या खाली ती करू नये, असे समितीला सांगून पाहा.

छाटणी कधी करावी, हेही त्यांना सांगता येईल. कोष झाडावर डिसेंबरपासून जूनपर्यंत असतो, म्हणजे त्याला धक्का न लावणारा छाटणीचा महिना जवळपास नाहीच. पण बदामाची पाने गळून फांद्या उघड्या झाल्या की खालून दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहिल्यास करडे, पिवळसर कोष स्पष्ट दिसतात. त्या काड्या आधी हाताने कापून बाजूला बांधाव्यात आणि मगच कोयता चालवावा. यंदाची छाटणी होऊन गेली आहे. तोडलेल्या फांद्यांचा ढीग अजून कुंपणाशी पडलेला असेल, तर उद्या सकाळी मुलीला घेऊन त्यातली प्रत्येक काडी चाळून पाहा. एका बदामावर मला अनेकदा तीन ते पाच कोष सापडले आहेत, आणि आपल्या ढिगात आणखी दोन-चार असण्याचा संभव आहे.